ड्रायव्हरमध्ये डिव्हाइसच्या नावामागे कचरा परत परत येतोय? फंक्शन बदलायच्या आधी हे बघा

लॉगमध्ये डिव्हाइसचं नाव नीट येतं आणि त्याच्या मागे दोन-तीन विचित्र अक्षरं चिकटलेली असतात, कधी असतात कधी नसतात, एका बोर्डवर येतात दुसऱ्यावर येत नाहीत, आणि डीबगसाठी एखादी प्रिंटची ओळ टाकली की गायबच होतात. लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरवर काम करणाऱ्या बहुतेकांनी हे बघितलेलं असतं. मी हा बग एकाच ड्रायव्हरमध्ये तीनदा बंद झालेला आणि तीनदा परत उघडलेला बघितलाय, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. ज्याला घाईत फक्त "कुठलं फंक्शन वापरू" एवढंच हवंय त्यालाही माझी विनंती आहे की पुढचे दोन-तीन पॅरे वाचा, कारण फंक्शन बदलून हा बग जात नाही, आमच्याकडे तर फंक्शन बदलूनही तो परत आला.

आधी नावांचं सांगतो. एका जागेतली स्ट्रिंग (सोर्स) दुसऱ्या जागेत (डेस्टिनेशन) कॉपी करणारी ही चार फंक्शन. स्ट्रकॉपी म्हणजे जुनं साधं, ज्याला साइझ द्यायचीच नसते. मध्ये एन असलेलं स्ट्रएनकॉपी, एल असलेलं स्ट्रएलकॉपी, एस असलेलं स्ट्रएसकॉपी. एका अक्षराचा फरक आहे पण चौघांचं वागणं पूर्ण वेगळं आहे, आणि सगळा घोळ इथेच सुरू होतो.

आमची केस अशी होती. कार्डवरच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी माहिती टिकवणारी छोटी मेमरी चिप) मॉडेलचं नाव १६ बाईटच्या जागेत लिहिलेलं, त्याला लागून एक बाईट हार्डवेअर रिव्हिजनचा, मग सिरीयल नंबर वगैरे. ड्रायव्हर ते सगळं वाचून मॉडेलचं नाव आपल्या स्ट्रक्टमधल्या १६ बाईटच्या अ‍ॅरेमध्ये स्ट्रएनकॉपीने कॉपी करायचा. नाव छोटं असेल तेव्हा मागे शून्यं असायची म्हणून सगळं छान चालायचं. मग एक मॉडेल आलं ज्याचं नाव बरोबर १६ अक्षरी होतं. स्ट्रएनकॉपीचा नियम असा की दिलेल्या साइझमध्ये सोर्स संपला नाही तर ते शेवटी नल बाईट (स्ट्रिंग इथे संपली हे सांगणारा शून्य बाईट) टाकत नाही, तेवढे बाईट भरतं आणि थांबतं. मग प्रिंट करणारा पुढे वाचत जातो, स्ट्रक्टमधलं पुढचं फील्ड वाचतो, जे सापडेल ते छापतो. झाला कचरा.

पहिला फिक्स कोणालाही सुचेल तोच: अ‍ॅरे १७ चा केला, साइझ म्हणून साइझऑफ (ठेवायच्या जागेची साइझ कंपायलर काढून देतो ते) तेच ठेवलं. टेस्ट केलं, कचरा गेला, बग बंद. पण आता स्ट्रएनकॉपी सोर्समधून १७ बाईट वाचायला लागलं, म्हणजे सतरावा बाईट रिव्हिजनचा! आमच्याकडच्या सगळ्या बोर्डांवर रिव्हिजन शून्य होतं म्हणून तेच नल बाईटचं काम करत होतं. काही महिन्यांनी रिव्हिजन १ चे बोर्ड आले आणि कचरा परत.

दुसऱ्या वेळी कोणीतरी स्ट्रएलकॉपी लावलं. ते नेहमी नल टाकतं, म्हणून लॉग स्वच्छ झाला आणि सगळ्यांना वाटलं की आता झालं. पण स्ट्रएलकॉपी परत काय देतं तर सोर्सची पूर्ण लांबी, आणि ती मोजायला ते सोर्सवर नल सापडेपर्यंत धावत सुटतं, तुम्ही साइझ किती दिलीये याचा त्या मोजणीशी संबंध नाही. आमच्या सोर्सला नल नव्हताच, मग ते रिव्हिजनवरून सिरीयल नंबरवर, तिथून चेकसमवर, आणि कधीकधी बफरच्याही बाहेर. दिसायला सगळं बरोबर, पण केएसॅन (मेमरी चुकीच्या जागी वाचली-लिहिली की पकडणारं कर्नलचं साधन) चालू करून बूट केलं की स्लॅबच्या, म्हणजे मागून घेतलेल्या मेमरीच्या, बाहेर वाचल्याचा रिपोर्ट. हा बग कचऱ्यापेक्षा वाईट, कारण तो डोळ्यांना दिसत नाही.

तिसऱ्या वेळी ड्रायव्हर कर्नल ६.८ वर नेला आणि बिल्डच तुटला, स्ट्रएलकॉपी नावाचं फंक्शनच नाही म्हणून. बरोबर आहे, २०२४ च्या सुरुवातीला ६.८ मधून ते काढूनच टाकलं. (गंमत म्हणजे त्याच्या थोडं आधी, २०२३ मध्ये, ग्लिबसी या सी लायब्ररीच्या २.३८ मध्ये ते आलं. त्यामुळे यूजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रामांवर, काम करणाऱ्या माणसाला वाटतं हे तर नवीन आणि चांगलं फंक्शन आहे, मग कर्नलमध्ये का नाही.) मग सगळीकडे शोधा आणि बदला, एलच्या जागी एस. बिल्ड झाला, आणि ज्या मशीनवर फॉर्टिफाय सोर्स (कॉपी करताना साइझ तपासणारी कर्नलची सोय) चालू होतं तिथे मोड्यूल लोड होतानाच कर्नलने बफर ओव्हरफ्लो सापडल्याचं सांगून काम तिथेच थांबवलं. एररमध्ये फंक्शन म्हणून नाव स्ट्रएनलेनचं, जे आम्ही कुठे लिहिलंच नव्हतं, म्हणून अर्धा दिवस भलत्याच ठिकाणी शोधण्यात गेला. फॉर्टिफायवालं स्ट्रएसकॉपी आतून आधी स्ट्रएनलेनने सोर्स मोजतं. सोर्स १६ चा आहे हे कंपायलरला स्ट्रक्टवरून माहीत असतं, आम्ही साइझ दिली १७, सोळा बाईटमध्ये नल सापडला नाही, म्हणजे सतरावा वाचावा लागणार, म्हणून त्याने तिथेच थांबवलं. तर हे नाव तुमच्या लॉगमध्ये दिसलं तर आसपासचं स्ट्रएसकॉपी शोधा.

तिन्ही वेळा मूळ गोष्ट एकच होती आणि ती कोणी विचारलीच नाही. ईईप्रॉममधली ती १६ बाईटची जागा स्ट्रिंग नाहीये. ती ठरलेल्या लांबीची बाईटची पेटी आहे, जिच्यात अक्षरं ठेवलीयेत. आणि स्ट्रएसकॉपी असो नाहीतर स्ट्रएलकॉपी, दोघंही सोर्स खरी स्ट्रिंग आहे असंच धरून चालतात.

म्हणून फंक्शन निवडायच्या आधी कागदावर लिहा: जिथून घेतोय ती स्ट्रिंग आहे की पेटी, जिथे ठेवतोय ती स्ट्रिंग आहे की पेटी, आणि ठेवलेलं पुढे कोण वाचणार, फक्त कर्नल की यूजरस्पेस की हार्डवेअर. एवढं कळलं की फंक्शन आपोआप ठरतं, वाद घालायला जागाच उरत नाही.

पेटीतून स्ट्रिंगमध्ये आणायचं असेल, म्हणजे आमची केस, तर मेमटूस्ट्र. त्याला दोन्ही बाजूंना खरे अ‍ॅरे लागतात, दोघांची साइझ ते स्वतः काढतं, सोर्सच्या बाहेर एक बाईटही वाचत नाही आणि शेवटी नल टाकतं. उरलेली जागा शून्यांनी भरून हवी असेल तर त्याचंच पॅडवालं भावंड आहे. उलट दिशेला, स्ट्रिंग घेऊन हार्डवेअरच्या पेटीत भरायची तर स्ट्रटूमेम, आणि तिथे पॅडवाल्याला भरायचं अक्षरही देता येतं, शून्य किंवा स्पेस. स्ट्रक्टमधल्या अशा पेटीवर नॉनस्ट्रिंग हा अ‍ॅट्रिब्यूट लावून ठेवा, कंपायलरलाही कळतं आणि दोन वर्षांनी तो कोड वाचणाऱ्या माणसालाही कळतं. मला तर दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं.

हे फक्त आमच्यासारख्या झाडाबाहेरच्या (कर्नलच्या मूळ कोडमध्ये नसलेल्या) ड्रायव्हरचं दुखणं नाही. मेनलाइनमध्ये, म्हणजे मूळ कर्नलमध्ये, स्कझीच्या (डिस्क वगैरे जोडायच्या पद्धतीच्या) काही ड्रायव्हरना हेच झालं. एसएएस एक्सपांडरची (त्याच पद्धतीत जास्त डिस्क जोडायला वापरतात त्या चिपची) माहिती विचारली की व्हेंडर ८ बाईट, प्रॉडक्ट १६ बाईट, रिव्हिजन ४ बाईट असं उत्तर येतं, आणि स्कझीच्या जगात असली नावं स्पेसने भरायची पद्धत आहे, त्यामुळे पेटी कायम गच्च भरलेली असते आणि नल कधीच नसतो. ठेवायची जागा मुद्दाम एक बाईट मोठी, म्हणजे ९, १७ आणि ५. जुना कोड सोर्सच्या साइझएवढंच स्ट्रएनकॉपी करायचा, आणि आधीच शून्य केलेल्या जागेतला शेवटचा बाईट तसाच राहून नल बनायचा. दिसायला कसंतरी वाटतं, पण बरोबर होतं! मग स्ट्रएनकॉपी हटवायच्या मोहिमेत तिथे स्ट्रएसकॉपी आलं, आणि २०२४ मध्ये कर्नलच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या केस कुक यांना एमपीआय३एमआर, एमपीटी फ्यूजन वगैरे ड्रायव्हरमध्ये ते परत बदलून मेमटूस्ट्र लावावं लागलं. तिथे रिव्ह्यू करणारी माणसं अनुभवी असतात, तरी हे निसटलं, कारण सी भाषेत स्ट्रिंगचा वेगळा टाइपच नाही, स्ट्रिंग आणि पेटी दोघंही बाईटचा अ‍ॅरे.

अशा ठिकाणी नुसतं नाव बदललं तर दोन प्रकारे चुकतं बघा. साइझ सोर्सची ठेवली, ८, तर स्ट्रएसकॉपी त्यातला एक बाईट नलसाठी ठेवणार आणि नावाचं शेवटचं अक्षर खाणार. साइझ डेस्टिनेशनची दिली, ९, तर नाव बरोबर येईल पण वाचताना सोर्सच्या एक बाईट पुढे जाणार. दोन्हीकडून फसगत.

स्ट्रएनकॉपीला लोक शिव्या देतात, पण ते पेट्यांसाठीच बनलं होतं. जुन्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत डिरेक्टरीची एक नोंद १६ बाईटची, त्यात २ बाईट आयनोड नंबर आणि १४ बाईट फाइलचं नाव. नाव पूर्ण १४ अक्षरी असेल तर नल नाही, छोटं असेल तर उरलेली शून्यं. स्ट्रएनकॉपी बरोबर हेच करतं. नंतर लोकांनी नावातला "स्ट्र" आणि साइझचा आकडा बघून ते सुरक्षित स्ट्रकॉपी समजून वापरलं. १९९८ मध्ये ओपनबीएसडीवाल्यांनी स्ट्रएलकॉपी आणलं ते यातूनच, आणि कर्नलमध्ये २०१५ ला, ४.३ मध्ये, स्ट्रएसकॉपी आलं.

आता साधी केस, दोन्हीकडे खऱ्या स्ट्रिंग. इथे स्ट्रएसकॉपी, विषय संपला. २०२४ पासून त्याला दोनच आर्ग्युमेंट दिली तरी चालतं, डेस्टिनेशन आणि सोर्स, साइझ ते अ‍ॅरेवरून स्वतः काढतं. मला हा बदल मनापासून आवडतो. कारण साइझऑफची जुनी चूक: कोणीतरी रिफॅक्टर करताना अ‍ॅरेचा पॉइंटर केला आणि साइझऑफ तसंच ठेवलं, की ६४ बिट मशीनवर साइझ होते ८, आणि नावं सात अक्षरांवर कापली जायला लागतात, कुठलीही एरर नाही. दोन आर्ग्युमेंटवाल्याला पॉइंटर दिला तर कंपाइलच होत नाही. म्हणून जिथे अ‍ॅरे आहे तिथे तिसरं आर्ग्युमेंट काढूनच टाका, कोड छोटाही होतो आणि चुकायला जागाही कमी उरते.

परत येणाऱ्या व्हॅल्यूकडे मात्र नीट लक्ष द्या. आमच्याकडे कोणीतरी कंपॅट हेडरमध्ये (वेगवेगळ्या कर्नलवर बिल्ड व्हावं म्हणून ठेवलेली फाइल) एका ओळीचा मॅक्रो टाकला होता, स्ट्रएलकॉपी म्हणजे स्ट्रएसकॉपी, म्हणजे जुना कोड तसाच बिल्ड व्हावा. बिल्ड झाला. पण स्ट्रएलकॉपी देतं सोर्सची लांबी, आणि स्ट्रएसकॉपी देतं किती अक्षरं कॉपी झाली ते, आणि मावलं नाही तर उणे ई-टू-बिग, म्हणजे उणे ७. एका ठिकाणी तुकडे जोडत जाणारा लूप होता, मिळालेली व्हॅल्यू ऑफसेटमध्ये मिळवत जाणारा. तुकडा मावला नाही की ऑफसेट सात बाईट मागे! पुढचा तुकडा आधीच्यावर लिहिला जायचा. तर असा मॅक्रो कुठे असेल तर आजच काढा, प्रत्येक जागा हाताने बघा, व्हॅल्यू वापरली जातेय का आणि ती साइन्ड व्हेरिएबलमध्ये घेतलीये का. तुकडे जोडायचे असतील तर एससीएनप्रिंटएफ किंवा सीक्यू-बफ वापरा, कॉपी फंक्शनांकडून जोडकाम करून घेऊ नका. एसएनप्रिंटएफसुद्धा नको, कारण तेही मावलं असतं तर किती झालं असतं तो आकडा देतं, खरंच किती लिहिलं तो नाही.

पॅडिंगचा मुद्दा वेगळा आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर. स्ट्रएनकॉपी उरलेली जागा शून्य करायचं. स्ट्रएसकॉपी करत नाही, ते नल टाकून थांबतं, मागे जे आधी होतं ते तसंच. तुमचा स्ट्रक्ट आयओसीटीएलमधून (प्रोग्राम ड्रायव्हरशी बोलतो तो कॉल) अख्खाच्या अख्खा यूजरस्पेसला जात असेल आणि तो आधी शून्य केलेला नसेल, तर नावामागच्या त्या बाईटमधून कर्नलच्या स्टॅकचा तुकडा बाहेर गेला. लॉगमध्ये काही दिसणार नाही, टेस्ट पास होतील, आणि कोणीतरी सिक्युरिटी रिपोर्ट पाठवेपर्यंत कळणारही नाही. म्हणून स्ट्रएनकॉपी काढताना दरवेळी बघा की हा स्ट्रक्ट आधी मेमसेट किंवा केझेडअलॉकने शून्य झालाय का, नसेल किंवा खात्री नसेल तर स्ट्रएसकॉपी-पॅड वापरा, ते ५.२ पासून आहे. कमिट मेसेजमध्ये एक ओळ लिहा की पॅडिंग का लागतं किंवा का लागत नाही. मेंटेनर हाच प्रश्न विचारतात, आणि विचारायलाच हवा.

आणि बरेचदा कॉपी करायचीच गरज नसते! हे मला उशिरा कळलं. ड्रायव्हरचं नाव, चिपचं नाव असल्या गोष्टी कोडमध्येच लिहिलेल्या स्थिर स्ट्रिंग असतात, त्यांच्यासाठी स्ट्रक्टमध्ये ३२ बाईटचा अ‍ॅरे कशाला, कॉन्स्ट पॉइंटर ठेवा. ईईप्रॉममधलं नाव फक्त एकदा लॉगमध्ये छापायचं असेल तर प्रिंटच्या फॉरमॅटमध्येच लांबी देता येते, जास्तीत जास्त १६ अक्षरं छाप असं, तो सोळाच्या पुढे वाचत नाही. नाव किती लांब येईल माहीत नाही आणि जपून ठेवायचंय तर के-स्ट्रडप, आणि प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) असाल तर त्याचं डेव्हएमवालं रूप, म्हणजे फ्री करायची चिंता नाही. सिसएफएसमधून (ड्रायव्हरच्या सेटिंग फाइलसारख्या दाखवणारी सोय) यूजरने काहीतरी लिहिलं, "ऑन" किंवा "ऑफ", तर ते लोकल बफरमध्ये कॉपी करून शेवटची न्यूलाइन कापून मग तुलना करणारा कोड मी किती ठिकाणी बघितलाय, त्या सगळ्याच्या जागी सिसएफएस-स्ट्रईक्यू एका ओळीत, न्यूलाइन ते स्वतः समजून घेतं. डीबगएफएसच्या (तशीच, पण डीबगसाठीची सोय) राइटमध्ये मात्र यूजरकडून आलेल्या डेटाला नल नसतो हे विसरू नका, तिथे मेमडप-यूजर-नल आहे. ईथटूलच्या (नेटवर्क कार्डची माहिती दाखवणारं टूल) स्ट्रिंग भरताना ३२-३२ बाईटने पॉइंटर पुढे सरकवायचा हिशेब हाताने करू नका, ईथटूल-पुट्स करतं ते.

जुन्या कर्नलवरही तोच ड्रायव्हर बिल्ड करावा लागतो, आमचंही तसंच आहे, तर दोन आर्ग्युमेंटवालं आणि मेमटूस्ट्र तिथे मिळणार नाही. तिथे तिसरं आर्ग्युमेंट साइझऑफ डेस्टिनेशन द्या, आणि पेटीसाठी सरळ १७ चा अ‍ॅरे, १६ बाईटचं मेमकॉपी आणि शेवटच्या जागी हाताने नल. लोकांना हे ओबडधोबड वाटतं पण यात लपलेलं काही नाही. नावामागच्या स्पेस काढायच्या तर त्यानंतर स्ट्रिम.

शोधायचं कसं ते सांगतो. लॉगमध्ये कचरा दिसला की नाव स्ट्रिंग म्हणून छापू नका, बाईट छापा, कर्नलच्या प्रिंटमध्ये हेक्ससाठी पीएचवाला फॉरमॅट आहे, लांबी देऊन १६ नाही २४ बाईट छापा (बफर तेवढा असेल तर), म्हणजे नल कुठे आहे आणि पुढे काय लागलंय ते लगेच दिसतं. आम्हाला पहिल्याच दिवशी हे सुचलं असतं तर रिव्हिजनचा बाईट तिथेच दिसला असता. केएसॅन आणि फॉर्टिफाय सोर्स डेव्हलपमेंटच्या कॉन्फिगमध्ये कायम चालू ठेवा. चेकपॅच ही कर्नलचे पॅच तपासणारी स्क्रिप्ट स्ट्रकॉपी, स्ट्रएनकॉपी, स्ट्रएलकॉपी तिघांवर बोट ठेवतं, पण त्याच्या सल्ल्यावर डोळे झाकून बदलू नका, त्याला तुमचा सोर्स पेटी आहे का हे कळत नाही. जीसीसी ८ पासून स्ट्रिंग कापली जाण्याची जी वॉर्निंग येते ती गप्प करायला साइझमधून एक वजा करणारेही भेटतात. एक वजा केल्याने वॉर्निंग जाते आणि बरेचदा त्याबरोबर नावाचं शेवटचं अक्षरही जातं.

आपल्या लोकांसाठी अजून एक. नाव यूजरकडून येणार असेल तर ते देवनागरीत असू शकतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाईटचं, काना-वेलांटी-अनुस्वार वेगळे धरून. ३२ बाईटच्या अ‍ॅरेत नलचा एक सोडला तर ३१ उरतात, म्हणजे १० चिन्हं आणि अकराव्याचा एक तुटका बाईट. स्ट्रएसकॉपी बाईट मोजतं, अक्षरं नाही. नावाच्या शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसलं तर तो नेहमी नलचाच बग असेल असं नाही, आमच्या टेस्टिंगमधल्या एका मुलीने डिव्हाइसला मराठीत नाव दिलं आणि आम्ही परत ईईप्रॉमचा कोड उघडून बसलो होतो. तिथे फंक्शन बरोबर होतं, फील्डच छोटं होतं. असं कापलं जाऊ नये म्हणून उणे ई-टू-बिग आलं की आता आम्ही ते नाव नाकारतो आणि यूजरला एरर देतो.

सध्या ड्रायव्हरच्या केयूनिट (कर्नलची युनिट टेस्टची सोय) टेस्टमध्ये मॉडेलची चार नावं ठेवलीयेत: रिकामं, १५ अक्षरी, बरोबर १६ अक्षरी आणि स्पेसने भरलेलं. प्रत्येकामागे रिव्हिजनचा बाईट मुद्दाम शून्य नसलेला. तुमच्या ड्रायव्हरमध्ये दुसरं काही करायला वेळ नसेल तर एवढं तरी टाका, १६ अक्षरी नाव आणि त्याला चिकटून शून्य नसलेला बाईट. जुना कोड त्यावर चालवा, आमचे पहिले दोन्ही कोड तिथे लगेच पडले, आणि स्ट्रएलकॉपीवाला केएसॅन चालू केल्यावर.